बेंच ग्राइंडर आणि पटाशी: धारेच्या जरा अलीकडे थांबायचं काम

बेंच ग्राइंडरनं, म्हणजे टेबलावर बसवलेल्या फिरत्या दगडी चाकांच्या यंत्रानं, पटाशीला धार लागत नाही. ग्राइंडर धारेमागचं जादा पोलाद काढतो, बिघडलेला आकार दुरुस्त करतो. धार लागते ती त्यानंतर निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर. ही दोन वेगळी कामं आहेत हे एकदा डोक्यात बसलं की ग्राइंडरची निम्मी भीती जाते. पटाशी निळी पडणं, कोपरे गोल होणं, कड वाकडी जाणं, हे बहुतेक वेळा होतं ते ग्राइंडरवरच शेवटपर्यंत धार आणायच्या हट्टापायी.

लाकूडकाम शिकणाऱ्याला दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, पटाशी ग्राइंडरला दाखवूच नकोस, हत्याराचं पाणी उतरेल. दुसरा म्हणतो, धर चाकावर आणि हो मोकळा. पहिल्याचं ऐकलं तर खांडा पडलेली, म्हणजे कडेचा तुकडा उडालेली, पटाशी दगडावर घासता घासता खांदे भरून येतात आणि माणूस धार लावायचाच कंटाळा करू लागतो. दुसऱ्याचं ऐकलं तर चांगलं हत्यार बघता बघता आखूड होतं, शिवाय धारही टिकत नाही. ग्राइंडर वापरावा असंच माझं मत आहे, पण तो नेमकं काय करतो हे समजून.

पाणी उतरतं म्हणजे काय होतं

पटाशीचं पोलाद उच्च कार्बनचं असतं, साधारण 0.8 ते 1.2 टक्के कार्बन. हे पोलाद 800 अंश सेल्सिअसच्या आसपास लाल होईपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की अतिशय कठीण होतं, पण तितकंच ठिसूळही. म्हणून ते पुन्हा साधारण 170 ते 230 अंशांपर्यंत बेतानं तापवतात. थोडी कठीणता जाते, त्या बदल्यात चिवटपणा येतो. हत्याराला पाणी देणं म्हणतात ते या सगळ्या प्रक्रियेला.

यातली दुसरी पायरी ग्राइंडरच्या दृष्टीनं महत्त्वाची. त्या वेळी पोलाद जेवढं तापवलं होतं, त्याच्या बरंच वर ते पुढे कधीही गेलं, तर ते आणखी मऊ पडतं. मग ते भट्टीत तापलेलं असो की चाकावर. आणि गेलेली कठीणता गार झाल्यावर परत येत नाही.

किती तापलं ते रंग सांगतो. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा फार पातळ थर धरतो आणि थर जाड होत जातो तसा त्याचा रंग बदलतो. सुमारे 220 अंशांना फिकट पिवळा, 255 च्या पुढेमागे तपकिरी, 280 ला जांभळा, 300 च्या आसपास निळा. पिवळसर झाक दिसली तर फारसं काही बिघडलेलं नसतं, कारण कारखान्यात पटाशी साधारण तेवढी तापलेलीच असते. तपकिरी म्हणजे इशारा. निळा दिसला की कठीणता घसरली: रॉकवेल सी मापावर 60 च्या आसपास असलेलं पोलाद साधारण 55-56 वर येतं. अशा पटाशीला धार लागते, पण कठीण लाकडात मोगरीचे थोडे घाव बसले की तिची कड वळते.

इथं दोन गैरसमज हटकून आढळतात. निळी पडल्याबरोबर पाण्यात बुडवली तर वाचते, हा पहिला. वाचत नाही. पोलाद पुन्हा कठीण करायचं तर ते 800 अंशांकडे न्यावं लागतं. 300 वरून पाण्यात घातल्यानं ते फक्त गार होतं. निळा रंग घासून काढला म्हणजे दोष गेला, हा दुसरा. रंग वरवरचा असतो, मऊपणा आतपर्यंत गेलेला असतो. एखादा कोपरा किंचित निळा झाला असेल तर मी तो तसाच ठेवून काम करत राहीन. निसण्यावर चार वेळा जास्त न्यावं लागेल आणि तेवढ्यात तो भाग झिजून जाईल. सगळी कडच निळी असेल, तर तेवढं पोलाद सावकाश काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

हे सगळं साध्या कार्बन पोलादाचं आणि क्रोम-व्हॅनेडियमच्या पटाशीचं. हाय स्पीड स्टीलची हत्यारं 500 अंशांपर्यंत कठीणता टिकवतात, त्यामुळे लाकडाच्या लेथवरचं (लाकूड गरगर फिरवून गोल तासायच्या यंत्रावरचं) हत्यार निळं पडलं तरी त्याचं बिघडत नाही. लेथवाल्याला जे चालतं ते पटाशीला चालेल असं म्हणूनच धरून चालू नये.

धारच आधी का जळते

एका 25 अंशांच्या पटाशीचं गणित करून बघा. कडेपासून 1 मिलिमीटर मागे पोलादाची जाडी 0.47 मिलिमीटर असते. कडेपासून 0.1 मिलिमीटरवर ती 0.05 मिलिमीटरही भरत नाही. चाकावर तयार होणारी उष्णता मागच्या जाड भागात वाहून जाते, तशी इथून जायला वाटच नसते. त्यामुळे उताराच्या (कडेकडे निमुळत्या होत गेलेल्या तिरक्या बाजूच्या) मध्यावर तुम्ही बराच वेळ घासलंत तरी पटाशी नुसती कोमट होते, आणि तोच दाब कडेवर आला की क्षणात निळी रेघ उमटते. कोपरे त्याहून नाजूक, कारण त्यांना एका बाजूला पोलादाचा आधारच नसतो. म्हणूनच 6 मिलिमीटरची पटाशी 25 मिलिमीटरच्या पटाशीपेक्षा कितीतरी लवकर जळते.

उष्णता येते कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. चाकावरचा धारदार कण पोलादाचा बारीक तुकडा कापून काढतो आणि बरीच उष्णता त्या तुकड्याबरोबरच निघून जाते. ठिणग्या म्हणजे हेच तुकडे हवेत जळताना दिसतात. कण बोथट झाला की तो कापत नाही, नुसता घासतो. मग ती उष्णता पटाशीत उतरते. ठिणग्या कमी झाल्या आणि आवाज किरकिरा झाला, तर दाब वाढवायचा मोह होतो. तिथंच घात होतो. त्या वेळी दाब वाढवायचा नसतो, चाक ताजं करायचं असतं.

चाक कसलं हवं

नवशिक्या बारीक कणांचं चाक निवडतो, ते हळुवार काम करेल अशा समजुतीनं. होतं उलटं. बारीक कण दाट बसलेले असतात, तुकडे निघून जायला जागा नसते, घर्षण वाढतं. कणांचा आकार ग्रिटमध्ये सांगतात, आकडा लहान तितका कण भरड. पटाशीसाठी 60 किंवा 80 ग्रिटचं चाक उत्तम. 46 सुद्धा चालतं. त्याचे ओरखडे खडबडीत दिसतात, पण ते मिटवायला निसणा आहेच.

चाकाच्या कागदावर ए 60 के 5 व्ही असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, 60 म्हणजे कणांचा आकार, के ही प्रत, 5 म्हणजे कणांमधली मोकळीक, व्ही म्हणजे कण धरून ठेवणारा भाजलेल्या मातीचा बाँड. प्रतीचं अक्षर नीट बघा. ए कडे मऊ, झेड कडे कठीण. मऊ चाक म्हणजे बोथट झालेला कण लवकर सोडून देणारं चाक, त्यामुळे खालचा ताजा कण वर येतो. पटाशीला एच ते के दरम्यानचं मऊ चाक हवं. नव्या ग्राइंडरबरोबर येणारी करडी चाकं बहुधा याहून कठीण असतात, खिळे-सळया घासायला बरी. पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक पटाशीला मानवतं. हिरवं चाक सिलिकॉन कार्बाइडचं असतं, ते टंगस्टन कार्बाइडच्या टोकांसाठी. पटाशीला त्याचा उपयोग नाही.

सीबीएनची चाकं हल्ली बरीच दिसतात. क्युबिक बोरॉन नायट्राइड हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण पदार्थ. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी 1957 मध्ये तो तयार केला. ही चाकं झिजत नाहीत म्हटलं तरी चालेल, गारही चालतात, पण महाग असतात. हिऱ्याचं चाक का नाही? हिरा म्हणजे कार्बन, आणि जास्त तापमानाला कार्बन लोखंडात विरघळतो. वेगानं फिरणारं हिऱ्याचं चाक पोलादावर लवकर निकामी होतं.

वेगाची चर्चा नेहमी होते. 50 हर्ट्झच्या विजेवर साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे 2,850 फेरे घेतो. संथ ग्राइंडर त्याच्या निम्मे. 150 मिलिमीटरच्या चाकाची कड 2,850 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते, 200 मिलिमीटरचं चाक 1,425 फेऱ्यांना सुमारे 15 मीटर. संथ ग्राइंडरवर चूक सुधारायला उसंत मिळते हे खरं. पण ताजं केलेलं मऊ चाक असेल तर साध्या ग्राइंडरवरही पटाशी जळत नाही, आणि चाक गुळगुळीत झालेलं असेल तर संथ ग्राइंडरही जाळतो. खर्च करायचाच असेल तर मी आधी चाकावर करीन.

चाक ताजं करणं म्हणजे ड्रेसिंग. चाकाची कड चकचकीत दिसली, किंवा तिच्यात धातूचे काळपट कण रुतलेले दिसले, की हिऱ्याच्या टोकाचा ड्रेसर टूल रेस्टवर, म्हणजे चाकासमोरच्या हत्यार टेकवायच्या पट्टीवर, टेकवून अलगद डावी-उजवीकडे फिरवायचा. वरचा मेलेला थर निघाला की चाक पुन्हा निस्तेज, खरखरीत दिसू लागतं. हे करतानाच एक गोष्ट साधून घ्या: चाकाच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा किंचित जास्त घासा, म्हणजे चाकाला मध्ये अगदी थोडासा फुगवटा येईल. सपाट चाक पटाशीला सबंध रुंदीभर चिकटतं आणि जरा तिरकं झालं की त्याची कड पटाशीत रुतते. फुगवट्याचं चाक एका वेळी छोट्याशा जागेवरच टेकतं. उष्णता कमी, आणि पोलाद कुठून काढायचं ते तुमच्या हातात राहतं.

सुरू करण्याआधी

नवं चाक बसवण्याआधी ते बोटावर किंवा दांड्यावर अधांतरी धरून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर चाक शाबूत. बद्द आवाज आला तर आत तडा असू शकतो, ते वापरू नका. चाकावरचे जास्तीत जास्त फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा कमी नकोत. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या तशाच ठेवा, त्यांनी दाब सगळीकडे सारखा बसतो. डाव्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो. टूल रेस्ट आणि चाक यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका, चाकावरच्या झाकणाच्या वरच्या पट्टीशी 6 पेक्षा जास्त नको. ग्राइंडर सुरू करताना चाकासमोर न उभं राहता बाजूला उभं राहा आणि मिनिटभर नुसतं फिरू द्या. डोळ्यांवर गॉगल हवाच, नाकावर मास्कही. जवळ लाकडाचा भुसा नको, ठिणगी त्यात पडून बराच वेळ धुमसते.

हातमोजे मात्र घालू नका. एक तर ते चाकात ओढले जाण्याचा धोका, आणि दुसरं म्हणजे उघडं बोट हाच या कामातला सगळ्यात भरवशाचा तापमापक आहे.

चाकावर

समजा, पटाशीला खांडा पडला आहे. सरळ उतारावर घासायला लागलात तर खांडा संपेपर्यंत पातळ कड सतत चाकावर राहणार, म्हणजे जळणार. त्याऐवजी आधी कड बोथट करा. पाठीवर, म्हणजे उताराच्या उलट्या सपाट बाजूवर, गुण्या लावून खांड्याच्या तळाशी मार्करनं काटकोनात रेघ ओढा. टूल रेस्ट आडवा ठेवून पटाशी चाकात सरळ समोरून धरा आणि रेघेपर्यंत घासा. चांगली धार मुद्दाम मारायची हे मनाला पटत नाही, पण आता टोकाशी पातळ कड नसून अर्धा मिलिमीटर रुंदीची बोथट पट्टी आहे. ती उष्णता शोषून घेऊ शकते. शिवाय कड काटकोनात आलेली आहे, तेव्हा उतार घासताना एकच गोष्ट सांभाळायची राहते.

मग कोन. टूल रेस्ट किती तिरका करायचा ते अंशांत मोजायची गरज नाही. उताराची लांबी पटाशीच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन 30 अंश. जाडीच्या जवळपास 2.4 पट असेल तर 25. म्हणजे 4 मिलिमीटर जाडीच्या पटाशीला 25 अंशांसाठी साधारण साडेनऊ मिलिमीटर उतार हवा. ग्राइंडरसाठी 25 चांगला. आहे तोच कोन ठेवायचा असेल तर उतार मार्करनं रंगवा, प्लग काढून पटाशी टेकवा, चाक हातानं फिरवा आणि शाई कुठं खरवडली ते बघा. मध्यावर असेल तर बरोबर. कडेजवळ असेल तर कोन जास्त होतोय, मागच्या बाजूला असेल तर कमी.

आता उतार खाली, पाठ वर अशी पटाशी टूल रेस्टवर ठेवा. तर्जनी पात्याच्या खालून टूल रेस्टच्या पुढच्या कडेला टेकवा. ते बोट जागचं हलू दिलं नाही तर पटाशी दर वेळी त्याच जागी परत येते, पाण्यात बुडवून आणली तरीही. दुसऱ्या हाताची बोटं पाठीवर, धारेच्या शक्य तितकी जवळ. ठिणग्या निघत राहतील इतकाच दाब, त्याहून तसूभरही जास्त नको. आणि पटाशी सतत डावी-उजवीकडे सरकती ठेवायची. कोपऱ्यांवर थबकायचं नाही.

बोटाला ऊब जाणवली की पाण्यात बुडवा. चटका बसेल इतकं तापमान म्हणजे जेमतेम 60 अंश, आणि धोका सुरू होतो 200 च्या पुढे. म्हणून बोटाचं ऐकणारा माणूस सुरक्षित असतो. आणखी एक खूण आहे. बुडवून काढल्यावर पाठीवर, अगदी कडेलगत, पाण्याचा थेंब राहू द्या. घासताना तो थेंब थरथरला, त्याच्या कडा आकसायला लागल्या की हात मागे घ्या. पाणी आहे तोवर त्या जागेचं तापमान 100 च्या वर जात नाही.

उतार मागून पुढे वाढत येतो. अधूनमधून पटाशी दिव्याखाली धरून समोरून कडेकडे बघा. बोथट पट्टी प्रकाश परतवते, म्हणून ती पांढऱ्या रेघेसारखी चमकते. सुरुवातीला रुंद, मग निमुळती. एका टोकाला रेघ जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक दिसली तर जाड बाजूला थोडा जास्त वेळ द्यायचा. ती केसाएवढी बारीक, पण अजून सलग दिसत असताना थांबायचं. माझ्या दृष्टीनं सगळं कौशल्य या थांबण्यात आहे. ठिणग्या पटाशीखालून न जाता पाठीवरून येऊ लागल्या तर समजा, कड गाठली गेली. लगेच हात काढा, कारण पुढचा प्रत्येक फेरा धारेच्या मुळावर येणार.

आणि मग निसणा

चाक गोल असल्यामुळे उतार किंचित खोलगट झालेला असतो. याचाच निसण्यावर फायदा होतो. उतार दगडावर ठेवला की तो दोनच ठिकाणी टेकतो: पुढे कडेला आणि मागे टाचेला. हाताला ते टेकणं स्पष्ट कळतं, पटाशी डगमगत नाही, कोन धरायला वेगळा गाइड लागत नाही. आणि साडेनऊ मिलिमीटरचा सबंध उतार घासण्याऐवजी दोन बारीक पट्ट्याच घासायच्या असतात. 1000 ग्रिटच्या दगडावर केसाएवढी रेघ थोड्याच वेळात नाहीशी होते.

खोलगट घासल्यानं धार कमकुवत होते असा आक्षेप नेहमी येतो. हिशोब बघू. 4 मिलिमीटर जाडीची पटाशी 150 मिलिमीटरच्या चाकावर घासली तर खोलगटपणा सगळ्यात जास्त असतो तो उताराच्या मध्यावर, आणि तो असतो सुमारे 0.15 मिलिमीटर. तिथं पोलादाची जाडी 2 मिलिमीटर असते. तेवढ्यानं काही बिघडत नाही. टोकाशी मात्र चाकानं घासलेला कोन 25 ऐवजी 21-22 अंश होतो हे खरं आहे. पण निसण्यावर कड आणि टाच दोन्ही टेकवून घासलं की तो पुन्हा 25 होतो. कठीण लाकडासाठी शेवटी पटाशीची मूठ थोडी उचलून 30 अंशांवर थोडेसे फेरे द्या. कडेला बारीक दुसरा उतार पडतो आणि धार जास्त टिकते.

दगडावर कड पूर्ण झाली की पाठीच्या बाजूला बारीक बर, म्हणजे पोलादाची पातळ खरखरीत कोर, वळते. बोट पाठीवरून कडेकडे ओढलं की ती सबंध रुंदीभर खरखरीत लागली पाहिजे. जिथं लागत नाही तिथं अजून धार पोचलेली नाही. मग पाठ दगडावर अगदी सपाट ठेवून बर काढायची, बारीक दगडावर, 4000 ते 8000 ग्रिटच्या, पुन्हा उतार, पुन्हा पाठ, असं ती मोडून जाईपर्यंत. पाठ उचलायची नाही, एका अंशानंही नाही. नव्या पटाशीची पाठ क्वचितच सपाट असते. कडेजवळचा 20-25 मिलिमीटरचा भाग एकदा नीट सपाट आणि चकचकीत करून घ्यावा लागतो, आणि ते काम ग्राइंडरवर कधीच करायचं नाही. धार बघायची तर मऊ लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकावर. तंतू न चुरगळता चकचकीत काप निघाला तर धार लागली.

पुढे कित्येक वेळा नुसत्या निसण्यावर भागतं. दर वेळी खोलगट भाग थोडा आक्रसतो आणि पुढची-मागची पट्टी रुंद होते. दोन्ही पट्ट्या मध्ये भेटायला आल्या, घासायला वेळ लागू लागला, की चाकाकडे जायचं.

खोल खाचा काढायच्या जाड पटाशीला मोगरीचा मार सोसावा लागतो. तिला चाकावरच 30 अंश द्या आणि निसण्यावर 35 पर्यंत न्या. जपानी पटाशी मात्र ग्राइंडरवर नेऊ नका. तिच्यात फार कठीण पोलादाचा पातळ थर मऊ लोखंडावर जोडलेला असतो आणि सपाट, भरीव उताराचाच त्या ठिसूळ थराला आधार असतो. तो उतार खोलगट केला तर कडेचे टवके उडतात. तिला खांडा पडला तर 220 ग्रिटचा भरड दगड घ्या आणि सावकाश उतरवा.